चला, शॉपिंगला नदीपार!

फ्लॅट बघायला गेलं की आपले प्रश्न ठरलेले. पार्किंग आहे का, जिम आहे का, आणि मॉल किती लांब? पाच मिनिटांवर असेल तर लोकेशन सॉलिड. पंचवीस मिनिटं म्हटलं की लगेच 'जरा आउटसाइड आहे, नाही?' असा चेहरा. अशा समस्त मंडळींना माझा एक साधा सवाल: अहेरी कुठे आहे, सांगा पाहू!

'गडचिरोली' म्हणालात तरी अर्धे मार्क दिले. 1982 मध्ये चंद्रपूरमधून हा जिल्हा वेगळा झाला. अहेरी त्याच्या दक्षिण भागात, प्राणहिता नदीच्या काठावर. कित्येक वर्षं या जिल्ह्यात रेल्वे स्टेशन म्हणजे एकच, वडसा. तेही पार उत्तरेला! त्यामुळे अहेरीकरांना मोठ्या खरेदीला चंद्रपूर गाठायचं तर एसटीत बसून आलापल्ली, आष्टी, गोंडपिपरी, बल्लारपूर असा शंभराहून जास्त किलोमीटरचा प्रवास.

आता नदीकडे तोंड करा. पलीकडचा काठ 2014 पर्यंत आंध्र होता, आता तेलंगणा. पूर्वी पलीकडे जायला डोंगा लागायचा. आता वांगेपल्ली आणि गुडेमच्या मधे पक्का पूल आहे. पूल ओलांडला की कागजनगरचा रस्ता, आणि कागजनगरला चक्क रेल्वे! मग लग्नाचा बस्ता असो की नवा मोबाइल, गाडी तिकडेच वळणार ना? भाषेचा प्रॉब्लेम नाहीच. अहेरीच्या बाजारात मराठी, तेलुगू आणि गोंडी एकाच दुकानात ऐकू येतात. दोन्ही काठांमध्ये रोटीबेटीचे व्यवहारही जुने. मी तिथे काही जणींना विचारलं, तर 'पलीकडे जाणं' हा त्यांच्या लेखी परराज्याचा प्रवास नव्हताच.

हे सगळं ऐकायला मस्त वाटतं. पण बॉस, साडी आठवडाभर उशिरा आणली तरी चालते. बाळंतपण थांबत नाही. या पट्ट्यातले पेशंटही मंचेरियल, करीमनगर, वरंगळ अशी तेलंगणातली शहरं गाठतात. हौस म्हणून नाही, तर आपल्या बाजूचा रस्ता वेळेत पोचवेल याची खात्री नसते म्हणून. आलापल्लीहून सिरोंच्याला जाणारा रस्ता कागदावर राष्ट्रीय महामार्ग आहे, नंबर 353सी. पण वर्षानुवर्षं त्याची ओळख खड्ड्यांचीच. आणि आलापल्ली-आष्टी रस्त्यावर सुरजागडचं लोहखनिज भरलेल्या ट्रकच्या रांगा. सागवान, बांबू, तेंदूपत्ता, आता खनिज. इथून माल बाहेर न्यायला रस्ता नेहमीच सापडतो. माणसांची पाळी आली की मात्र पावसाळा आडवा येतो.

नकाशात अहेरी महाराष्ट्राच्या टोकाला दिसते. अहेरीच्या चौकातून पाहिलं तर टोकाला मुंबई असते, हजारेक किलोमीटरवर. लोक जवळच्या शहराचे होतात, आणि जवळचं शहर कुठलं हे राजधानी नाही, पूल ठरवतो. एवढा साधा फंडा मंत्रालयात कुणाच्या लक्षात आला, तर पुढचा पूल किंवा रस्ता या बाजूनेही होईल.

तोवर एखादा लाँग वीकेंड काढा. पावसाळा संपल्यावर जा, आलापल्लीचं जुनं सागवानी जंगल, 'ग्लोरी ऑफ आलापल्ली', जरूर बघा. आणि हो, शॉपिंग मात्र अहेरीच्याच बाजारात करा. तेवढंच एक गिऱ्हाईक नदीच्या अलीकडे!