विश्लेषण : पर्समध्ये मावणारे रिव्हॉल्व्हर खरेच संरक्षण देते का?

महिलांवरील अत्याचाराची एखादी भीषण घटना घडली की ‘शस्त्र परवाने सहज द्या’ ही मागणी पुढे येते. त्यासोबत आठवते ‘निर्भीक’ हे हलके रिव्हॉल्व्हर. मात्र शस्त्र हलके असणे आणि ते ऐन प्रसंगी कामी येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘निर्भीक’ काय आहे?

दिल्लीत डिसेंबर २०१२ मध्ये झालेल्या सामूहिक बलात्कारानंतर देशभर संताप उसळला. पीडितेला माध्यमांनी दिलेल्या ‘निर्भया’ या नावाशी नाते सांगत कानपूरच्या सरकारी फील्ड गन फॅक्टरीने जानेवारी २०१४ मध्ये हे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. बोअर .३२, गोळ्या सहा, वजन ५०० ग्रॅम. टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळे वजन कमी झाले, पण किंमत गेली सुमारे १ लाख २२ हजार रुपयांवर. बहुतेक नोकरदार महिलांच्या ती आवाक्याबाहेरच होती.

वजन कमी, मग अडचण काय?

गोळी पुढे जाते तेव्हा शस्त्र मागे धक्का देते. गोळी तीच ठेवून शस्त्राचे वजन निम्मे केले, तर धक्क्याची ऊर्जा जवळपास दुप्पट होते. नळी आखूड असल्याने नेम धरणेही कठीण जाते. म्हणजे बाळगायला सर्वात सोपे शस्त्र चालवायला सर्वात अवघड ठरते. नियमित सरावाशिवाय पहिली गोळी चुकण्याची आणि तिसऱ्याच कुणाला लागण्याची भीती असते.

परवाना कसा मिळतो?

शस्त्र कायदा, १९५९ नुसार अर्जदाराचे वय किमान २१ हवे. अर्ज शहरात पोलीस आयुक्तांकडे, तर जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे करावा लागतो. स्थानिक पोलिसांचा अहवाल मागवला जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली आणि एका व्यक्तीला कमाल दोनच शस्त्रे बाळगता येतात. परवाना देणे-नाकारणे हा प्रशासनाचा निर्णय असतो.

गोळी झाडल्यास कायदा काय म्हणतो?

भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा हक्क देतात. बलात्काराच्या हेतूने झालेल्या हल्ल्यात हल्लेखोराचा जीव गेला, तरी हा हक्क लागू होतो. पण बळाचा वापर गरजेपुरताच हवा. पळून जाणाऱ्यावर मागून गोळी झाडली, तर स्वसंरक्षणाचा बचाव टिकणे कठीण.

घरातला धोका कोणता?

डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतील आयडाहो राज्यात एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधील पिस्तूल ओढले. गोळी सुटली आणि आईचा मृत्यू झाला. हाताशी असलेले शस्त्र मुलांच्याही हाताशी असते. कुलूपबंद ठेवले, तर हल्ल्याच्या क्षणी ते काढायला वेळ उरत नाही. हा पेच कोणत्याही मॉडेलने सुटलेला नाही. शिवाय महिलांवरील अनेक अत्याचारांत आरोपी ओळखीचा, बहुधा घरातलाच असतो. तिथे पर्समधले शस्त्र त्याच्याच हाती पडू शकते.

मग निष्कर्ष काय?

ठोस धोका, परवाना, नियमित सराव आणि सुरक्षित साठवण या चारही गोष्टी असतील, तरच शस्त्राचा विचार करण्यात अर्थ आहे. बाकीच्यांसाठी उजेड असलेला रस्ता, वेळेवर येणारी बस आणि ११२ वर फोन करताच पोहोचणारे पोलीस हेच संरक्षण. ते पुरवण्याची जबाबदारी पर्सवर ढकलून सरकारला मोकळे होता येणार नाही.