विश्लेषण : गुण ‘ऑनलाइन’, पालक मात्र ‘ऑफलाइन’! शिरोली एमआयडीसीतल्या पालकांना कसले सॉफ्टवेअर हवे?

महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये गेल्या दहा वर्षांत विद्यार्थ्यांची माहिती ऑनलाइन भरण्यावर मोठा भर दिला गेला. नाव, जन्मतारीख, आधार, हजेरी, चाचण्यांचे गुण असे सगळे कुठल्या ना कुठल्या पोर्टलवर जाते. पण आपले मूल गणितात नेमके कुठे अडले आहे, हे पालकांना आजही सत्र संपल्यावर, प्रगतिपत्रकावर सही करतानाच कळते. आता पाचवी आणि आठवीत मूल त्याच वर्गात राहू शकते. त्यामुळे हा उशीर परवडणारा नाही. शिरोली एमआयडीसीसारख्या कामगार वस्तीत तो सर्वाधिक महाग पडतो. त्यामुळे शाळांसाठी सोपे सॉफ्टवेअर कसे असावे, हा प्रश्न केवळ संगणकवाल्यांचा राहिलेला नाही.

शिरोलीचा प्रश्न वेगळा कसा?

कोल्हापूर शहरातून पंचगंगेचा पूल ओलांडला की पुणे-बंगळूरु महामार्गालगत शिरोली पुलाची हे गाव आणि त्याला लागून औद्योगिक वसाहत आहे. फौंड्री, मशीन शॉप आणि त्यांच्यावर चालणारी जॉबवर्कची छोटी युनिट ही इथली ओळख. काम पाळ्यांमध्ये चालते. दुसऱ्या पाळीचा कामगार घरी पोहोचतो तेव्हा मूल झोपलेले असते आणि तो उठतो तेव्हा ते शाळेत गेलेले असते. पालकसभा दुपारी ठेवली तर एका पाळीचे पालक कामावर असतात आणि रात्रपाळीचे झोपेत. ठेकेदाराकडे रोजंदारीवर असलेल्याला सभेसाठी खाडा परवडत नाही.

त्यात उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, कर्नाटकातून आलेली कुटुंबे आहेत. मूल मराठी शाळेत शिकते, पण आईला मराठी वाचता येत नाही. घरात एकच स्मार्टफोन असतो आणि तो वडिलांबरोबर कारखान्यात जातो. काम बदलले, रिचार्ज संपला की नंबर बदलतो. ‘पालकांनी ॲप डाउनलोड करावे’ अशी सूचना देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हा पालक नसतो.

सरकारी पोर्टल आहेत, मग अडते कुठे?

राज्यात २०१५ पासून ‘सरल’ प्रणाली आहे. केंद्राची ‘यू-डायस प्लस’ आहे. डिसेंबर २०२३ पासून ‘स्विफ्टचॅट’वरील चॅटबॉटद्वारे हजेरी नोंदवण्याची पद्धत आली. नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांचे गुणही विद्या समीक्षा केंद्रासाठी चॅटबॉटवर भरायचे असतात. या प्रत्येक व्यवस्थेला कारण आहे. पटसंख्या खरी कळावी, संच मान्यता नीट व्हावी, कुठल्या तालुक्यात वाचन कच्चे आहे हे दिसावे, यासाठी ही माहिती लागते.

पण तिच्या प्रवासाची दिशा पाहावी. शिक्षकाकडून केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषद, मग पुणे आणि मुंबई अशी ती वर चढत जाते. खाली, पालकाकडे, ती जवळपास येतच नाही. शिक्षकाला तेच गुण वर्गाच्या नोंदवहीत, निकालपत्रकात, प्रगतिपत्रकावर आणि पोर्टलवर पुन्हा पुन्हा उतरवावे लागतात. ‘शिकवायचे कधी?’ हा शिक्षक संघटनांचा जुना सवाल इथूनच येतो. अशात पालकांसाठी आणखी एक ॲप आणले तर ते शिक्षकाच्या डोक्यावरचे आणखी एक ओझे ठरेल. म्हणून चांगल्या सॉफ्टवेअरची पहिली अट साधी आहे. गुण एकदाच भरायचे आणि प्रगतिपत्रक, निकालपत्रक, पालकांचा संदेश व पोर्टलला द्यायची फाइल हे सगळे त्यातूनच तयार व्हायचे.

‘ब-२’ म्हणजे पालकाने काय समजायचे?

शिक्षण हक्क कायद्यानुसार राज्याने २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू केले. त्यात दोन भाग असतात. तोंडी काम, प्रकल्प, स्वाध्याय, उपक्रम यांचे आकारिक मूल्यमापन आणि सत्राच्या शेवटी संकलित मूल्यमापन. पहिली-दुसरीला आकारिकचा वाटा ७० टक्के, तिसरी-चौथीला ६०, पाचवी-सहावीला ५० आणि सातवी-आठवीला ४० टक्के. दोन्हींची बेरीज होऊन ९१ च्या पुढे अ-१, ८१ ते ९० अ-२, ६१ ते ७० ब-२ अशा श्रेणी मिळतात.

कल्पना चांगली होती. एका पेपरावर मुलाची किंमत ठरू नये, हा तिचा हेतू. पण पालकाच्या हाती पडणारी श्रेणी दोन्ही भागांची बेरीज असते. प्रकल्प आणि उपक्रमात भरपूर गुण मिळवलेले, पण भागाकार न येणारे मूल ‘ब-२’मध्ये असू शकते. भागाकार पक्का असलेले, पण वही अपूर्ण ठेवणारे मूलही ‘ब-२’मध्येच. दोघांच्या घरी करायचा उपाय पूर्ण वेगळा आहे. शिक्षकाला तो माहीत असतो, वर्णनात्मक नोंदीत तो लिहिण्याची सोयही आहे. प्रत्यक्षात पन्नास मुलांच्या नोंदी लिहिताना ‘अभ्यासात प्रगती आहे’, ‘वाचन सुधारावे’ अशी ठरावीक वाक्ये फिरत राहतात.

आता घाई कशासाठी?

कारण नियम बदलला आहे. २०१९ मध्ये शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि राज्याने २०२३-२४ पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा लागू केली. त्यात अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला मार्गदर्शन देऊन निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षेची संधी मिळते. तिथेही अपयश आले तर त्याच वर्गात थांबावे लागते.

शिरोलीसारख्या ठिकाणी याचा अर्थ काय, ते पाहा. निकाल लागतो उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर. परप्रांतातील आणि सीमेपलीकडील अनेक कुटुंबे याच काळात गावी जातात. पुनर्परीक्षेच्या वेळी मूल शेकडो किलोमीटर दूर असू शकते. पहिल्या सत्रात ‘ब’ श्रेणी पाहून निर्धास्त झालेल्या पालकाला एप्रिल-मेमध्ये अचानक वेगळेच ऐकावे लागते. त्याच वर्गात राहिलेले मूल शाळाच सोडण्याची भीती कामगार वस्तीत जास्त, कारण शाळेबाहेर काम सहज मिळते. डिसेंबरमध्ये मिळालेला एक नेमका इशारा हे सारे टाळू शकतो.

गंमत म्हणजे शिरोलीतल्या उद्योगाला ही शिस्त पाठ आहे. वाहन उद्योगासाठी ओतलेल्या कास्टिंगवर हीट नंबर असतो. दोष आढळला तर तो कुठल्या ओतकामाचा हे शोधता येते आणि पुढचा माल बिघडण्याआधी सुधारणा होते. वर्षअखेरीस एकदम ‘माल नापास’ असे कळवणारी फौंड्री टिकणार नाही. मूल म्हणजे कास्टिंग नव्हे, त्याला ‘रिजेक्ट’ करता येत नाही. पण दोष वेळेत सांगण्याची पद्धत मुलांच्या वाट्याला का येऊ नये?

पालकांना कळवल्याने खरेच फरक पडतो का?

पडतो, पण कळवण्याच्या पद्धतीवर ते अवलंबून असते. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात पीटर बर्गमन आणि एरिक चॅन या संशोधकांनी पालकांना दर आठवड्याला आपोआप जाणारे संदेश पाठवले : कुठला गृहपाठ राहिला, किती तास बुडाले, कुठल्या विषयात गुण घसरले. विषयांत नापास होण्याचे प्रमाण एक चतुर्थांशाहून अधिक घटले आणि तासांची उपस्थिती सुधारली. चिलीमध्येही पालकांना हजेरी व गुणांचे मोबाइल संदेश पाठवण्याच्या प्रयोगातून गणिताच्या गुणांत सुधारणा दिसली.

बर्गमन आणि टॉड रॉजर्स यांचा दुसरा प्रयोग अधिक बोलका आहे. अशाच सेवेसाठी पालकांना संकेतस्थळावर जाऊन नोंदणी करायला सांगितले, तेव्हा एक टक्काही पालक आले नाहीत. साध्या संदेशाला उत्तर देऊन नोंदणीची सोय दिली, तेव्हा आठ टक्क्यांच्या आसपास आले. सगळ्यांना आपोआप सामील करून ‘नको असेल तर कळवा’ म्हटले, तेव्हा ९५ टक्क्यांहून अधिक पालक सेवेत राहिले. धडा स्पष्ट आहे. पालक उदासीन असतात असे नाही, दारच अवघड असते.

मग व्हॉट्सॲप ग्रुप पुरेसा नाही का?

वर्गाचा ग्रुप सुट्टीची सूचना द्यायला उत्तम. गुण कळवायला तो वाईट. निकालपत्रकाचा फोटो ग्रुपवर पडला की चाळीस घरांना एका मुलाचे अपयश दिसते. ते मूल दुसऱ्या दिवशी शाळेत कसे येईल, याचा विचार होत नाही. शिवाय ‘सुप्रभात’च्या गर्दीत कामाचा संदेश बुडतो.

एसएमएस साध्या फोनवरही पोहोचतो, पण त्याचे गणित वेगळे आहे. इंग्रजी अक्षरांचा एक एसएमएस १६० अक्षरांचा असतो. देवनागरीचा फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सगळे स्वतंत्र मोजले जाते. ‘गणितात अपूर्णांक कच्चे आहेत. रोज ५ उदाहरणे करून घ्या.’ हा मजकूरच ५३ अक्षरांचा होतो. मुलाचे आणि शाळेचे नाव घातले की ७० ओलांडतात आणि दोन एसएमएसचे पैसे पडतात. ‘ट्राय’च्या नियमांमुळे असे संदेश पाठवण्याआधी पाठवणाऱ्याचे नाव आणि संदेशाचा साचा नोंदवावा लागतो. एकट्या शाळेने हे करणे जिकिरीचे आहे. तालुका किंवा जिल्हा परिषद पातळीवर एकदाच साचे नोंदवून ते सर्व शाळांना देणे सहज शक्य आहे.

खर्चही आवाक्यातला आहे. ३०० मुलांच्या शाळेने वर्षातील ४० आठवडे प्रत्येकाला एक दुहेरी संदेश पाठवला तर २४ हजार एसएमएस होतात. एका एसएमएसला २५ पैसे धरले तरी वर्षाला सहा हजार रुपये. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी हिंदी किंवा कन्नडमधील ध्वनिमुद्रित फोन, पाळी पाहून ठरवलेल्या वेळी, हा त्याहून उपयोगी मार्ग.

सोपे सॉफ्टवेअर म्हणजे नेमके काय?

रंगीत स्क्रीन म्हणजे सोपेपणा नव्हे. शिक्षकाच्या बाजूने पाहिले तर रेंज नसताना गुण भरता यावेत आणि रेंज आल्यावर ते आपोआप जावेत. देवनागरीतले नाव शोधताना ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकाने मूल ‘हरवू’ नये. चुकून ७ ऐवजी ७० पडले तर तिथल्या तिथे विचारणा व्हावी. शाळेने उद्या दुसरे सॉफ्टवेअर घेतले तर सगळ्या नोंदी सोबत नेता याव्यात.

पालकाच्या बाजूने ॲपची सक्ती नसावी. एका मुलासाठी दोन-तीन नंबर ठेवता यावेत, म्हणजे वडील कारखान्यात असले तरी आई, आजी किंवा शेजारच्या काकूंच्या फोनवर निरोप पोहोचेल. संदेशात श्रेणी नव्हे, करायची कृती असावी. पालकाला उलट बोलता यावे : ‘मूल आजारी आहे’, ‘आम्ही गावी चाललोय’, ‘गुरुजी, समजले नाही’. आणि संदेश कमी असावेत. रोज वाजणारा फोन आठवड्याभरात ऐकू येईनासा होतो.

मुलांच्या माहितीचे काय?

हा आक्षेप खरा आहे आणि तो बाजूला सारता येणार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये उत्तर अमेरिकेतील शाळांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या ‘पॉवरस्कूल’ कंपनीच्या यंत्रणेतून लक्षावधी विद्यार्थी-शिक्षकांची माहिती चोरीला गेली. चोरलेल्या एका लॉगिनमधून आत शिरकाव झाला होता. भारतात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्यात १८ वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीचे तत्त्व ठेवले आहे. फुकट ॲप देणाऱ्या कंपनीला शाळेने पहिला प्रश्न विचारावा : ही माहिती कुठे राहणार आणि कोण पाहणार? गुण कळवण्यासाठी आधार, जात किंवा उत्पन्न लागत नाही. जे लागत नाही ते घेऊच नये. न साठवलेली माहिती चोरीला जात नाही.

सुरुवात कोणी करायची?

कायद्याने प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. सॉफ्टवेअर घ्यायचे की नाही, कुठल्या वेळी फोन करायचा, काय कळवायचे हे तिथेच ठरावे. पैशांचा प्रश्न आला तर शेजारी कारखाने आहेत. कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांसाठी खर्च करावे लागतात आणि शिक्षण त्यात बसते. या पैशातून शाळांना संगणक आणि दप्तरे मिळतात, ती हवीतच. पण आपल्याच कामगाराला मुलाच्या शाळेत जाण्यासाठी सत्रातून एकदा दोन तासांची पगारी सवलत देणे, हे कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा मोठे योगदान ठरेल. त्याला मर्यादेची अटही नाही. छोट्या युनिटलाही ते जमेल.

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. पालकाची जबाबदारी तेव्हाच ठरली. ती पार पाडण्यासाठी लागणारी माहिती मात्र त्याच्यापर्यंत अजून वेळेवर पोहोचत नाही. गुण भरले जात आहेत, यंत्रणा उभी आहे, फोन घरोघरी आहे. राहिला आहे तो शेवटचा टप्पा, शाळेपासून खोलीपर्यंतचा. पुढच्या पाचवी-आठवीच्या निकालाआधी तो पार करणे कोल्हापूर जिल्हा परिषदेला आणि शिरोलीच्या कारखानदारांना अशक्य नाही.