वणवा येण्यापूर्वी

उन्हाळा तापू लागला की सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरील गवत वाळून कोळ होते, आणि विडीचे एक थोटूकही वणव्यास पुरते. १९७९ साली स्थापन झालेल्या या माळढोक अभयारण्यात आग लावणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. परंतु कलमाने ठिणगी विझत नाही. तामिळनाडूतील कुरंगणीच्या डोंगरात मार्च २०१८ मध्ये वाळल्या गवताच्या वणव्यात वीसहून अधिक पदयात्री मृत्युमुखी पडले. तेथे उतार होता. नान्नजला उतार नसला तरी मोकळा वारा आहे. म्हणून पर्यटकाने अनुमती व वाटाड्या यांवाचून आत जाऊ नये. आग दिसताच वाऱ्याच्या दिशेने न पळता उघड्या जमिनीचा आश्रय घ्यावा. तथापि अशी उघडी जमीन आयत्या वेळी निर्माण होत नाही. त्यासाठी हिवाळा सरण्यापूर्वीच जाळरेषा काढाव्या लागतात. या कामाची मजुरी आणि कापलेल्या गवताचा वाटा लगतच्या गावकऱ्यांना मिळाला, तर माळ राखण्यात त्यांचा स्वार्थही गुंतेल. वणव्याने होणाऱ्या हानीपुढे ही मजुरी केव्हाही स्वस्तच पडेल.