पडद्यावरचा मिर्झा आणि शेजारचा शेख

"तुमचं मराठी किती छान आहे हो!" हे वाक्य ज्याने ऐकलेले नाही असा मराठी मुसलमान पनवेलात तरी आम्हाला भेटलेला नाही. बँकेत, शाळेच्या पालकसभेत, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही ते कानावर येते. बोलणारा प्रेमानेच बोलतो. पण ज्याच्या पणजोबांनीही कोकणातल्या खाचरात मराठीतच बैल हाकले, त्याने या कौतुकाचे काय करावे? आणि गोष्ट नेहमी कौतुकावर थांबत नाही. आमच्या ओळखीचे एक नोकरदार जोडपे नवीन पनवेलला भाड्याचे घर बघायला गेले. घरमालकांनी चहा दिला, मराठीची तारीफ केली, आणि आडनाव नीट ऐकू आल्यावर म्हणाले, "माझं काही नाही हो, पण सोसायटीत लोक..." वाक्य अर्धेच राहिले. पुढचे आपल्या सर्वांना पाठ आहे.

या घरमालकांच्या मनात मुसलमानाचे एक चित्र आधीच तयार होते आणि समोर बसलेले जोडपे त्यात बसत नव्हते. ते चित्र त्यांनी मोहल्ल्यात येऊन पाहिलेले नाही. बहुतेक ते सिनेमाच्या पडद्यावरून आलेले आहे. म्हणून या महिन्यात सिनेमा. आमच्या वाचकांत सिनेमा न पाहणारी पुष्कळ घरे आहेत. त्यांचा आम्ही आदर करतो, आणि सिनेमा पाहावा की नाही याचा फतवा देणे हे या सदराचे कामही नाही. पण आपण पाहिला नाही तरी शेजारी पाहतोच.

हिंदी सिनेमाने आपल्याला आधी नवाब केले. मेहबूब खान यांच्या 1943 च्या 'नजमा'पासून 'मुस्लिम सोशल' म्हणून ओळखले जाणारे चित्रपट रुजले. पुढे 1960 चा 'चौदहवीं का चाँद', 1963 चा 'मेरे महबूब'. शेरवानी, मुशायरे, चिलमनीआडची नजर. हे चित्रपट देखणे होते, आणि ते काढणाऱ्यांत, लिहिणाऱ्यांत, गाणाऱ्यांत आपलेच लोक खूप होते, तेव्हा सगळा दोष परक्यांवर टाकता येणार नाही. पण त्या हवेल्यांत तळोज्याचा शेतकरी नव्हता, मुरुडचा खलाशी नव्हता, महाडची मास्तरीण नव्हती. मुसलमान म्हणजे लखनौ आणि मुसलमान म्हणजे उर्दू, हे समीकरण तिथे पक्के झाले.

मग आला दिलदार मुसलमान. 'जंजीर'मधला (1973) शेरखान, 'शोले'तले (1975) इमामसाहेब. चांगली माणसे, पण कथा दुसऱ्याची. 1992 च्या 'रोजा'नंतर बंदूक आली आणि पुढची कितीतरी वर्षे ती खाली ठेवलीच गेली नाही. 1999 च्या 'सरफरोश'मध्ये इन्स्पेक्टर सलीम आहे, प्रामाणिक आणि शूर. पण त्यालाही आपली निष्ठा तोंडाने सांगावी लागते. बरोबरच्या इतर पोलिसांना ती सांगावी लागत नाही.

या सगळ्यात एक चित्रपट वेगळा निघाला. एम. एस. सथ्यूंचा 'गर्म हवा' 1974 मध्ये लोकांपुढे आला. फाळणीनंतरच्या आग्र्यातले सलीम मिर्झा, जोड्यांचे कारखानदार. बलराज साहनींनी ते उभे केले. हवेली हातची गेल्यावर हा वयस्क माणूस भाड्याचे घर शोधत दारोदार फिरतो. नकार ऐकून ऐकून शेवटी तो घराची चौकशी करण्याआधी आपले नाव आणि आपण मुसलमान आहोत हे सांगून टाकतो, म्हणजे दोघांचाही वेळ वाचावा. गोष्ट आग्र्याची आहे, पण ज्यांनी गेल्या काही वर्षांत इकडे घर शोधले आहे त्यांना ती सांगून समजवावी लागणार नाही.

मराठी पडद्याची कथा निराळी आहे, आणि तिची सुरुवात फार चांगली झाली होती. 1941 साली पुण्याच्या प्रभात कंपनीने 'शेजारी' काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम. आदल्याच वर्षी मुस्लिम लीगचा लाहोरचा ठराव झालेला, दोन्हीकडची मने तापलेली. अशा वेळी शांतारामांनी एका खेड्यातले दोन म्हातारे दाखवले, जिवा पाटील आणि मिर्झा. जन्माचे मित्र. धरण बांधणाऱ्या धनिकाला गावची जमीन हवी असते, आणि या दोघांची दोस्ती त्याच्या आड येते. म्हणून तो दोघांत संशय पेरतो. शेवटी धरण फुटते आणि दोघे एकमेकांचे हात धरून जातात.

जिवा पाटील झाले होते केशवराव दाते आणि मिर्झा झाले होते गजानन जागीरदार. हाच चित्रपट 'पडोसी' नावाने हिंदीतही निघाला. तिथे मिर्झा जागीरदारच राहिले, पण हिंदू ठाकूर रंगवला मझहर खान यांनी. म्हणजे हिंदू नटाने मुसलमान व्हायचे आणि मुसलमान नटाने हिंदू. आज असे कोणी केले तर त्यावर किती चर्चासत्रे होतील!

आम्हाला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की 'शेजारी'तला मिर्झा नवाब नव्हता. तो गावचा माणूस होता आणि मराठी बोलत होता, आणि 1941 च्या प्रेक्षकांना त्यात नवल वाटावे असे काही नव्हते.

त्यानंतर काय झाले? कलावंत आले. बार्शीचे शाहीर अमर शेख 1961 च्या 'प्रपंच'मध्ये दिसले. श्रीकांत ठाकरे यांच्या चालींवर महंमद रफींनी मराठी गाणी गायली. पण आपले घर पडद्यावर क्वचितच आले. अलीकडचे ठळक उदाहरण 2017 चा 'हलाल', राजन खान यांच्या कथेवरचा, शिवाजी लोटन पाटील यांचा. विषय तलाक आणि हलाला. हा विषय खरा आहे, त्यावर बोललेच पाहिजे, आणि राजन खान यांच्यासारख्या मराठी लेखकाने त्यावर लिहिले हे चांगलेच झाले. पण 1982 च्या हिंदी 'निकाह'मध्येही तलाकच होता. आपल्या घरात तलाकाखेरीज काही घडतच नाही का? बारावीचा निकाल लागतो, आखाती देशातून आलेला मुलगा नोकरी सोडायची म्हणतो, सुनेला संदणे जमत नाहीत, रमजानात नेमके सहरीला गॅस संपतो. यावर कोणी सिनेमा का काढू नये?

म्हणूनच 2016 च्या 'सैराट'मधला सल्या आम्हाला आवडला. नागराज मंजुळेंनी त्याला मुसलमान म्हणून काही करायलाच लावले नाही. परश्याचा दोस्त, करमाळ्याकडची अस्सल बोली, दोस्तीपायी मार खाणारा. त्याच्या निष्ठेची चौकशी कोणी केली नाही. आणि तो सल्या महाराष्ट्रातल्या लाखो घरांत पोहोचला.

घरगुती गोष्ट कशी सांगावी याचा नमुना इराणमध्ये आहे. 1979 च्या क्रांतीत तिथे चित्रपटगृहे जळाली, तेव्हा सिनेमा कायमचा गेला असेच सर्वांना वाटले. पण परतलेल्या खोमेनींनी आपला विरोध सिनेमाला नसून त्याच्या गैरवापराला आहे, अशी भूमिका घेतली. 1983 मध्ये फाराबी सिनेमा फाउंडेशन स्थापन झाले. तिथल्या सेन्सॉरचे किंवा जाफर पनाहींसारख्या दिग्दर्शकाला झालेल्या शिक्षेचे समर्थन आम्ही करणार नाही. तरी माजिद मजिदींचा 1997 चा 'बच्चे-हाये आसमान' ज्यांनी पाहिला असेल, त्यांना आमचे म्हणणे कळेल. भावाकडून बहिणीचे बूट हरवतात, आणि दोघे एकाच जोडीवर आळीपाळीने शाळेला जातात. एवढीच गोष्ट. ती ऑस्करच्या अंतिम पाचांत गेली. त्यात बाप घरी बसून मशिदीची साखर फोडत असतो. चहाला साखर हवी असते, तेव्हा समोर साखरेचा ढीग असूनही तो त्यातला खडा उचलत नाही. ती मशिदीची अमानत आहे. अमानत म्हणजे काय, हे त्या घरमालकांना आम्ही तासभर बोलूनही इतके नीट सांगू शकलो नसतो.

पनवेलच्या मोहल्ल्यातली तरुण मुले लग्नांचे व्हिडिओ काढतात. कॅमेरा त्यांच्या हातात आहे, संकलन त्यांना मोबाइलवर येते, भाषा घरचीच आहे. त्यांच्यापैकी दोघांना आम्ही साखरेचा तो प्रसंग दाखवला. एक जण म्हणाला, "हे तर आमच्या दादांसारखं आहे." दादा म्हणजे त्याचे आजोबा. त्यांच्यावर दहा मिनिटांचे काही करून आण, असे त्याला सांगितले आहे.

वाचकांकडूनही एक हवे आहे. आपल्या घरातल्या थोरामोठ्यांपैकी कोणी 'शेजारी' पाहिल्याचे सांगत असतील, तर कुठल्या गावी, कुठल्या टॉकीजला पाहिला ते आम्हाला लिहून कळवा. सोबत कोण होते, तेही.