चार धावपटू आणि एक संघ

सप्टेंबर २०२५मध्ये टोकियो येथे झालेल्या जागतिक मैदानी स्पर्धेत पुरुषांची चार गुणिले शंभर मीटरची रिले शर्यत अमेरिकेने ३७.२९ सेकंदांत जिंकली. ज्या देशाने जगाला जेसी ओवेन्स आणि कार्ल लुईस दिले त्याने ही शर्यत जिंकावी यात नवल ते काय, असे कोणी विचारील. नवल आहे ते असे की, टोकियोत पहिल्या वळणावर बॅटन बिनचूक देणारे-घेणारे कोलमन आणि बेडनारेक हेच दोघे ऑगस्ट २०२४मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये नेमक्या याच कामात चुकले होते, आणि अमेरिकेचा संघ बाद ठरला होता. टोकियोच्या यशाचा आनंद अमेरिकेने अवश्य मानावा. परंतु जुने दुखणे बरे झाले असे समजण्याची घाई करू नये, असे आम्हांस वाटते.

हे दुखणे किती जुने आहे हे इतिहासच सांगतो. १९२० ते १९५६ या काळातील आठही ऑलिंपिकमध्ये ही शर्यत अमेरिकेने जिंकली. १९६० साली रोम येथे मात्र बॅटन ठरलेल्या हद्दीबाहेर घेतल्यामुळे तिचा संघ बाद झाला आणि सुवर्णपदक जर्मनीला मिळाले. १९८८ साली सेऊल येथे प्राथमिक फेरीतच तशीच गत झाली. २०००च्या सिडनी ऑलिंपिकनंतर तर अमेरिकेच्या पुरुषांना हे सुवर्णपदक पुन्हा लाभलेलेच नाही. २००४ साली ब्रिटनने त्यांना एक शतांश सेकंदाने मागे टाकले. २००८ साली बॅटन खाली पडली, २०१६ साली ती हद्दीत येण्यापूर्वीच हाती घेतली गेली, आणि २०२१ साली अंतिम फेरीही गाठता आली नाही. त्या वेळी खुद्द कार्ल लुईस यांनी आपल्या देशाच्या संघावर जाहीर कोरडे ओढले. इतके अपघात एकाच घरी वारंवार घडू लागले, म्हणजे त्यांना अपघात म्हणता येत नाही.

या शर्यतीचे मर्म एका साध्या हिशेबात आहे. उसेन बोल्टचा शंभर मीटरचा जागतिक विक्रम ९.५८ सेकंदांचा. असे चार बोल्ट एकामागून एक उभ्या जागेवरून धावले तर ३८.३२ सेकंद लागतील. पण जमैकाने २०१२ साली लंडन येथे केलेला रिलेचा विक्रम ३६.८४ सेकंदांचा आहे. हा दीड सेकंद येतो कोठून? पहिल्यानंतरचे तिघे धावतेपणीच बॅटन घेतात, हे त्याचे उत्तर. मागचा धावपटू जमिनीवरील ठरलेल्या खुणेवर पोहोचताच पुढचा सुटतो. तो मागे वळून पाहत नाही, केवळ हाक ऐकून हात मागे करतो. तीस मीटरांच्या पट्ट्यात हा व्यवहार पुरा झाला पाहिजे. अर्धे पाऊल आधी सुटला तर मागचा त्याला गाठू शकत नाही. अर्धे पाऊल उशिरा सुटला तर कमावलेला वेग वाया जातो. म्हणजे येथे कसोटी लागते ती पायांइतकीच परस्परांवरील विश्वासाची, आणि विश्वास हा सरावाने व सहवासाने येतो. तो निवड समितीच्या यादीतून येत नाही.

कॅनडाने हे ओळखले. ब्राऊन, ब्लेक, रॉडनी आणि डि ग्रास हे चौघे २०२१पासून एकत्र धावत आले. २०२२ साली अमेरिकेच्याच भूमीवर, यूजीन येथे, त्यांनी अमेरिकेला हरवून जागतिक अजिंक्यपद मिळविले. पॅरिसमध्ये शंभर किंवा दोनशे मीटरच्या अंतिम फेरीत एकही कॅनेडियन नव्हता. अमेरिकेने मात्र त्या दोन शर्यतींत मिळून चार पदके घेतली होती. तरीही रिलेचे सुवर्ण ३७.५० सेकंदांत कॅनडाने नेले. जपानचे उदाहरण याहून बोलके आहे. २०१६ साली रिओ येथे ३७.६० सेकंदांत रौप्यपदक मिळविणाऱ्या त्या संघातील एकानेही तोवर दहा सेकंदांच्या आत शंभर मीटर अंतर तोडलेले नव्हते.

अमेरिकेच्या बाजूने सांगितले जाईल की, पॅरिसमध्ये नोआ लाईल्स आजारी पडला, आणि नशीबही फिरले. ते अंशतः खरे आहे. परंतु धावपटूंची विपुलता हीच तेथे अडचण होऊन बसली आहे. प्रत्येक नामवंत धावपटूचा प्रशिक्षक वेगळा, पुरस्कर्ता वेगळा आणि ध्यास स्वतःच्या पदकाचा. प्राथमिक फेरीतले चौघे अंतिम फेरीत असतीलच याचीही शाश्वती नाही. एक धावपटू गैरहजर होताच जो संघ विस्कटतो, तो मुळात संघ झालेलाच नसतो.

संघ म्हटला की त्याचे उत्तरदायित्वही सामाईक असते. जमैकाचे २००८चे सुवर्ण नेस्टा कार्टरच्या उत्तेजक सेवनामुळे २०१७ साली काढून घेतले गेले आणि निर्दोष बोल्टलाही आपले पदक परत करावे लागले. अमेरिकेचे २०१२चे आणि ब्रिटनचे २०२१चे रौप्य असेच एकेकाच्या दोषापायी गेले. शिक्षा कठोर खरी. पण तिला अन्याय्य म्हणणे आम्हांस जमत नाही. ज्या विजयात चौघांचा वाटा, त्याच्या कलंकातूनही तिघांना सुटका नाही.

आपल्या देशाला या शर्यतीत अद्याप फार मजल मारावयाची आहे. तथापि २०२३ साली बुडापेस्ट येथे चार गुणिले चारशे मीटरच्या प्राथमिक फेरीत भारतीय चौकडीने २ मिनिटे ५९.०५ सेकंदांचा तेव्हाचा आशियाई विक्रम करून अमेरिकेच्या पाठोपाठ दुसरे स्थान मिळविले, तेव्हा एकत्र सरावाचे फळ आपल्यालाही दिसले. असामान्य धावपटू घडण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा सामान्यांहून थोडे सरस असे चौघे वर्षानुवर्षे एकत्र ठेवणे, हे आपल्याला झेपण्यासारखे आहे. अमेरिकेची खरी परीक्षा २०२८ साली लॉस एंजेलिस येथे, स्वतःच्या प्रेक्षकांसमोर आहे. तेथे तिच्याजवळ वेगवान धावपटू असतील यात शंका नाही. ते चौघे तोवर एक संघ झालेले असतील काय, एवढाच प्रश्न आहे.