गाडी गेली, किल्ली राहिली

दसऱ्याच्या दिवशी आपल्याकडे मोटारीची जी बडदास्त असते, ती जावयाच्याही वाट्याला येत नाही. सकाळी उठून तिला आंघोळ, मग झेंडूची माळ, पुढच्या टपावर कुंकवाचे स्वस्तिक आणि चाकाखाली लिंबू. सगळे कसे यथासांग होते. मात्र तिच्या कप्प्यात जो एक घडी घातलेला कागद पडलेला असतो, त्यावरची तारीख वाचण्याची आठवण घरातल्या कोणालाच होत नाही. त्या कागदाचे नाव विमा. चोर माळेला भीत नाही आणि कागदालाही भीत नाही. पण तो येऊन गेल्यावर माळेचा उपयोग नसतो, कागदाचा असतो.

आमचे कुसगाव लोणावळ्याच्या पाठीला टेकून बसलेले आहे. जवळून द्रुतगती महामार्ग धावतो, दुसऱ्या अंगाला बंगले आणि कॉलेजची पोरे. पावसाळा लागला की अर्धी मुंबई आणि अर्धे पुणे भुशी धरणाच्या वाटेला लागते आणि जिथे बैल बांधायला जागा नव्हती तिथे मोटारी उभ्या राहतात. अशा दिवसांत कोणती गाडी कोणाची, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. मग ती कोण घेऊन चालला आहे हे शेजाऱ्याला कुठून कळणार? चोरांना याहून बरा मोसम पंचांगातही सापडणार नाही.

गेल्या वर्षीच्या श्रावणात अशाच एका धुकट रात्री आमच्या शेजारच्या मास्तरांची गाडी गेली. मास्तर निवृत्त, पेन्शन बेताची. गाडी काही मिरवायला घेतलेली नव्हती. काकूंना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी तळेगावला न्यावे लागते, म्हणून कर्ज काढून घेतलेली. कर्जाचे चौदा हप्ते अजून बाकी होते आणि विम्याची मुदत अकरा दिवसांपूर्वी संपलेली होती. पेन्शनचा फरक आला की हप्ता भरू, असे ठरले होते. फरक आला नाही, चोर आला.

सकाळी मी गेलो तेव्हा मास्तर ओसरीवर किल्ली हातात घेऊन बसले होते. गल्लीतली निम्मी मंडळी सल्ला द्यायला जमली होती. आपल्याकडे सल्ला देण्यास परवाना लागत नाही आणि त्याचा विमाही उतरवावा लागत नाही.

पहिला सल्ला असा की, पोलिसांत जाऊच नका. विमा नसताना गाडी ठेवली म्हणून उलट तुम्हालाच दंड होईल! हा सल्ला ऐकून कितीतरी भली माणसे घरी बसतात, म्हणून वाचकहो, त्याचा निकाल आधी लावू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे निदान त्रयस्थाचा विमा असल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही, हे खरे. ही सक्ती आपल्याकडे १ जुलै १९४६ पासून आहे. विम्यावाचून गाडी चालवल्यास आता पहिल्या वेळी दोन हजार रुपये आणि पुढच्या वेळी चार हजार दंड, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. पण चोरीची फिर्याद द्यायला विम्याचा कागद लागत नाही. घरातले पातेले चोरीला गेले तर त्याचा विमा कोण विचारतो? चोरी हा दखलपात्र गुन्हा आहे आणि असा गुन्हा कळल्यावर फिर्याद नोंदवलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले. चोरीचे कलम ३७९ होते ते भारतीय न्याय संहितेत ३०३ झाले. आता हद्द कोणाची हा वाद बाजूला ठेवून कोणत्याही ठाण्यात फिर्याद देता येते. इलेक्ट्रॉनिक मार्गानेही कळवता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. फिर्यादीची प्रत फुकट मिळते. ती मागून घ्यावी, लाजू नये.

आणि न जाण्यात केवढा धोका! गाडी चोराच्या हाती असली तरी सरकारी वहीत नाव तुमचेच असते. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी पुढे तीन-चार हातांत विकली गेली होती, पण नोंदणी मूळ मालकाच्याच नावावर राहिली. अपघात झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने भरपाई त्या नोंदलेल्या मालकावरच टाकली. ती विक्री होती, ही चोरी, हा फरक मोठा आहे. पण उद्या तुमच्या नंबराची गाडी कोणाला ठोकरून गेली, तर ‘ती आधीच चोरीला गेली होती’ हे तुम्ही कशाने दाखवणार? शेजाऱ्यांच्या शपथेपेक्षा ठाण्यातली तारीख आणि वेळ अधिक बोलते.

मास्तरांचा फोन तेवढ्यात माझ्या हातात होता. त्यात पहाटे दोन वाजून चाळीस मिनिटांनी एक संदेश आला होता : वरसोलीच्या टोलनाक्यावर फास्टॅगमधून पैसे कापले. चोर गाडीही आमची घेऊन गेला आणि टोलही आम्हीच भरला! पण या उद्धटपणाने एक काम केले. गाडी जुन्या रस्त्याने पुण्याच्या बाजूला गेली, हे कळले. म्हणून सांगतो, फास्टॅग बंद करायला बँकेला फोन करण्याआधी ते संदेश नीट पाहून टिपून घ्यावेत आणि पोलिसांना द्यावेत. बरोबर नोंदणीपत्राची प्रत, इंजिन व चासीचे क्रमांक आणि गाडीवरच्या पोचऱ्यांचे, ओरखड्यांचे वर्णन द्यावे. नंबराची पाटी बदलता येते. मास्तरांच्या नातवाने दारावर खिळ्याने काढलेला हत्ती बदलायला रंगारी लागतो.

दुसरा सल्ला अधिक गोड होता. एक गृहस्थ मास्तरांना बाजूला घेऊन म्हणाले, “मास्तर, फिर्याद चार दिवसांनी द्या. आजच्या आज पॉलिसी काढून देतो. मग चोरी झाली म्हणा. तीन लाख कुठे गेले नाहीत!”

मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. आत काकूंच्या खोकल्याचा आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता आणि मंगळवारी तळेगाव. तीन लाख ही रक्कम त्या घरात लहान नव्हती. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो; खरे सांगायचे तर त्या क्षणी ते ‘बरे’ म्हणाले असते तरी त्यांना नावे ठेवण्याचे धैर्य मला झाले नसते.

मग मास्तर म्हणाले, “रजेच्या चिठ्ठीवर खोटी तारीख घालणाऱ्या पोरांना बत्तीस वर्षे मी बाकावर उभे केले. आता या वयात मीच बाकावर चढू?”

सचोटीची गोष्ट बाजूला ठेवली तरी त्या सल्ल्यात अक्कल नव्हती. चोरीची भरपाई नुसत्या त्रयस्थाच्या विम्यातून मिळत नाही. त्याला स्वतःच्या गाडीचाही विमा लागतो. तो एकदा खंडित झाला की नव्याने देताना कंपनी बहुधा गाडी डोळ्यांनी पाहते. नसलेली गाडी दाखवणार कशी? आणि वरसोलीचा संदेश तारीखवेळेसह बँकेच्या दप्तरात बसलेला. म्हणजे गाडी गेलीच होती, फसवणुकीच्या खटल्यात मास्तरही गेले असते.

आम्ही ठाण्यात गेलो. हवालदारसाहेबांनी विम्याचे विचारले, मास्तरांनी खरे ते सांगितले, त्यांनी लिहून घेतले. आभाळ कोसळले नाही. त्याच दिवशी आर.टी.ओ.ला लेखी कळवले, म्हणजे गाडी परस्पर दुसऱ्याच्या नावावर चढू नये. कर्जाच्या बँकेलाही कळवले. बँकेने सहानुभूती दाखवली. हप्ते मात्र थांबवले नाहीत. गाडी नसली तरी कर्ज असतेच, हा व्यवहार कडू आहे पण आधी ठाऊक असलेला बरा. सरकारकडून अशा चोरीची भरपाई मिळत नाही, हेही तसेच. मंगळवारची अडचण गल्लीने सोडवली. सल्ला देणाऱ्यांपैकी तिघांकडे गाड्या होत्या. त्यांच्या पाळ्या लावून दिल्या.

तपास लागला नाही तर आपल्या राज्यात पोलीस ‘अ समरी’चा अहवाल पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. तो कागदही जपून ठेवावा. मास्तरांचे नशीब थोडे बरे. सव्वीस दिवसांनी गाडी एका रस्त्याकडेला सापडली; बॅटरी नाही, चाके नाहीत, दारावरचा हत्ती शाबूत. जप्त वाहने ठाण्याच्या आवारात गंजत ठेवू नयेत, हमी घेऊन लवकर मालकाला द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सांगितले आहे. त्याच्या आधारे वडगाव मावळच्या न्यायालयात अर्ज केला आणि गाडी ताब्यात मिळाली. ती दुसऱ्या गाडीवर चढवून घरी आणली, कारण विम्याशिवाय तिला रस्त्यावर चाक ठेवता येत नव्हते, आणि ठेवायला चाकही नव्हते! दुरुस्तीला त्रेसष्ट हजार लागले. राहिलेला विम्याचा हप्ता होता नऊ हजारांचा.

विम्याची मुदत एका दिवसाने संपली तरी ती संपलेलीच. नव्वद दिवस उलटले तर दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलतही जाते, आणि ती पाच वर्षांत निम्म्यापर्यंत चढलेली असू शकते. हे सारे ज्या कागदावर लिहिलेले असते, तो आपण वाचत नाही.

तेव्हा वाचकहो, या लक्ष्मीपूजनाला चौरंगावर वही, लेखणी आणि चार नाणी मांडाल, तिथेच तो कागदही ठेवा. हळदकुंकू वाहिले नाही तरी चालेल. फक्त चष्मा लावून तारीख वाचा. लक्ष्मी चंचल असते असे म्हणतात. तिला चार चाके असली तर विचारूच नका.