धमनीने वेगळी वाट धरली तर

छातीच्या सीटी स्कॅनच्या अहवालात 'महाधमनीच्या कमानीत व्हेरिएशन' एवढे तीन शब्द दिसले की अख्ख्या घराची झोप उडते. हृदयाजवळचे काही आहे म्हटल्यावर घाबरणे साहजिकच आहे. पण बहुतेक वेळा तो आजार नसतो, घडणीतला फरक असतो.

हृदयातून निघालेली महाधमनी काठीच्या मुठीसारखी वळते. त्या वळणावरून साधारणपणे तीन फांद्या फुटतात: पहिली उजव्या हाताकडे व डोक्याच्या उजव्या बाजूला, दुसरी डोक्याच्या डाव्या बाजूला, तिसरी डाव्या हाताला. पुष्कळांत पहिल्या दोन एकाच बुंध्यातून निघतात. डॉक्टर त्याला 'बोवाइन आर्च', म्हणजे गाईसारखी कमान म्हणतात. गाईची कमान खरे तर तशी नसतेच, पण नाव चिकटले ते चिकटले! त्यावर औषध घ्यायचे नसते.

शंभरात साधारण एखाद्या माणसात मात्र उजव्या हाताची धमनी सर्वांत शेवटी, डावीकडून निघते आणि बहुधा अन्ननलिकेच्या मागून उजवीकडे जाते. बहुतेकांना जन्मभर त्याचा पत्ता लागत नाही. काहींच्या बाबतीत अन्ननलिका दाबली जाते. पाणी, शोरबा उतरतो, पण भाकरीचा किंवा बोटीचा घास छातीत अडतो. 1761 मध्ये इंग्लंडात एक बाई वर्षानुवर्षे असाच त्रास सोसून अखेर उपासमारीने गेली. डेव्हिड बेफर्ड या शल्यचिकित्सकाने मृत्यूनंतर तपासले तेव्हा ही धमनी सापडली. त्याने तिला 'निसर्गाचा खेळ' म्हटले. आज बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेत आणि सीटी स्कॅनमध्ये ती जिवंतपणीच दिसते. म्हणून घरातली बाई "घास अडकतो" म्हणते तेव्हा तिला नखरेल ठरवू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो. घास अडकण्याची इतर कारणे याहून कितीतरी अधिक आढळतात आणि त्यांतली काही गंभीर असतात, तीही तपासायला हवीत.

तान्ह्या बाळाची गोष्ट निराळी. कधी कमानच दुहेरी असते आणि श्वासनलिका व अन्ननलिका दोन्हींभोवती कडे पडते. बाळाचा श्वास घरघरतो, दूध पिताना ठसका लागतो, आणि आपण महिनोन्‌महिने सर्दीचेच औषध पाजत राहतो. अशा बाळाला बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे. गरज पडल्यास शस्त्रक्रियेने ते कडे सोडवता येते.

अहवाल जपून ठेवा. उजव्या मनगटातून अँजिओग्राफी करायची असेल, तर नळी पुढे सरकवताना या वळणाने अडचण येते. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेआधी तर तो जरूर दाखवावा: उजवी धमनी अशी वळलेली असली की आवाजाची उजवी नसही नेहमीच्या जागी नसते, आणि सर्जनला ते आधी ठाऊक असले तर ती जपता येते.